निवेदन वगळून

फेल्टचा तो मऊ लोकरी तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा, चिमट्यात धरला की दिसेनासाच व्हायचा, आणि शरद तो तिसऱ्यांदा कॅसेटच्या पोटात बसवू पाहत होता — पितळी पट्टीवर डिंकाचा एक ठिपका, त्यावर फेल्ट, वरून नखाने हलका दाब... हे बसलं नाही तर फीत हेडला नीट टेकणार नाही, टेकली नाही तर आवाज येणार नाही, आणि आवाज आला नाही तर संध्याकाळी पाच वाजता धारहून त्या मुलीचा फोन येईल तेव्हा तिला काय सांगायचं?

बसलं. त्याने श्वास सोडला. डिंक सुकेपर्यंत कॅसेटला हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावून तो खुर्चीत मागे टेकला. समोर भिंतभर त्याच्या स्वतःच्या कॅसेटी होत्या, दोनशे बारा, प्रत्येकीच्या कण्यावर तारीख, वेळ, गाण्यांची संख्या, आणि खाली लाल शाईत, बारीक, सुबक अक्षरात — निवेदन वगळून. किती अभिमानाने लिहायचो मी हे. चौऱ्याण्णव सालापासून दोन हजार तीनपर्यंत, एकेका कॅसेटवर, न चुकता.

आठ दिवसांपूर्वी त्या मुलीने पहिल्यांदा फोन केला तेव्हाही त्याच्या आवाजात तोच अभिमान होता.

"काका, मी धारहून कृतिका बोलतेय. तुमचा नंबर त्या रेडिओवाल्या ग्रुपमधून मिळाला." मराठी चांगलं होतं तिचं, पण दोन वाक्यांनंतर हिंदीत घसरत होतं. "माझी आई, लतिका, इंदूरला एफएमवर होती. कॅज्युअल अनाउन्सर, म्हणजे पर्मनंट नाही. दुपारी साडेतीनला श्रोत्यांची पत्रं वाचायची, पंचाण्णव ते नव्व्याण्णव. तुमच्याकडे उस टाइम की रेकॉर्डिंग है ना?"

"आहे की!" तो लगेच म्हणाला होता. "एक दिवस सुटलेला नाही."

मग ती म्हणाली, "मी आठ वर्षांची होते, आई गेली तेव्हा. फोटो खूप आहेत घरात. चेहरा आठवतो. पण आवाज... आवाज नाही आठवत, काका. पप्पांना विचारलं तर म्हणतात, गोड होता. गोड म्हणजे कसा?"

फोन ठेवल्यावर मगच त्याच्या लक्षात आलं होतं, आपण काय बोलून बसलो ते.

कारण लतिका नावाची बाई त्या दोनशे बारा कॅसेटींत कुठेच नव्हती. त्यानेच तिला काढून टाकलं होतं, रोज दुपारी, एका बोटाने. एफएम तेव्हा नवं होतं. मीडियम वेव्हच्या खरखरीवर वाढलेल्या कानांना त्या स्वच्छ आवाजाने वेड लावलं होतं, आणि कॅसेट महाग, म्हणून एक सेकंद वाया घालवायचा नाही. गाणं सुरू झालं की पॉज उचलायचा, शेवटचा सूर विरला की दाबायचा. मधली ती बडबड — 'बडबड'च म्हणायचा तो — फितीवर येता कामा नये. देवासच्या कारखान्यात सगळे ओळखायचे त्याला यासाठी. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यावर मुलाने, अभिषेकने, पुण्याहून जुना कंप्यूटर पाठवला, वायर कुठे जोडायची ते फोनवर शिकवलं, आणि शरदने एकेक कॅसेट उतरवून त्या ग्रुपमध्ये टाकायला सुरुवात केली. आता कुठले कुठले लोक नावाजतील, असं वाटलं होतं. नावाजलंही थोडं. पण मग इंदूरच्या एकाने लिहिलं होतं — 'शरद भिया, गाने तो बाज़ार में भी मिल जाते हैं, आपके पास वो बोलने वाले नहीं हैं क्या?' — आणि ते वाचून तो चिडला होता, दोन दिवस ग्रुप उघडलाच नव्हता.

त्या माणसाला हवं होतं तेच आता या मुलीला हवं होतं. फक्त हिच्यावर चिडता येत नव्हतं.

आठ दिवस तो शोधत होता. पंचाण्णव ते नव्व्याण्णवच्या सगळ्या कॅसेटी, कानाला हेडफोन लावून, गाण्यांचे सांधे तपासत. सापडलं काय, तर शेपट्या. '...की फ़रमाइश पर'. '...तो लीजिए'. एकदा नुसता श्वास, बोलण्याआधी घेतात तसा, आणि मग खट्. एवढंच. चार वर्षं रोज ऐकलेल्या बाईचा त्याच्याकडे एक अख्खं वाक्यदेखील नव्हतं, आणि हे त्याने स्वतः, मेहनतीने, साधलं होतं.

आज सकाळी चहा घेताना त्याने शेवटी विषय काढला. त्याची बायको जयवंती मेथी निवडत बसली होती.

"अगं, मी सेकंड शिफ्टला असायचो तेव्हा तू भरायचीस ना कॅसेटी... त्या काही बिघडलेल्या होत्या..."

"बोलणं आलेल्या?" ती मान वर न करता म्हणाली.

"हो. त्याच."

"तुम्ही म्हणाला होतात, फेकून दे."

म्हणालो होतो. एवढंच म्हणालो असतो तर बरं होतं. पण त्या दिवशी शिवाजीराव आले होते, कारखान्यातले, कॅसेट ऐकायला मुद्दाम बोलावलेले, आणि गाण्याच्या आधी ती बाई अर्धा मिनिट बोलत राहिली तेव्हा लाज वाटून तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला होता — एक बटन दाबता येत नाही तुला? एक बटन! शिवाजीराव हसले होते. जयवंती पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, ठेवल्या आणि आत गेली. "कणकेचे हात होते," एवढंच रात्री म्हणाली. त्यानंतर तिच्या कॅसेटी कधी बिघडल्या नाहीत, आणि त्याने तो विषय मनातून पुसून टाकला होता.

"मग फेकल्यास?" त्याने विचारलं.

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली, उठली, आणि आतून बिस्किटांचा एक चौकोनी डबा घेऊन आली. झाकण गंजून घट्ट झालेलं, तिनेच सुरीच्या टोकाने उघडलं. आत अकरा कॅसेटी. कशावर काही लिहिलेलं नाही.

"यातली एक वाजत नाही," ती म्हणाली. "आतलं काहीतरी गळून पडलंय. तीच बघा आधी." आणि पुन्हा मेथीपाशी जाऊन बसली.

तीच का, हे विचारायचं सुचलं नाही. त्याने दुपारचं जेवण कसंबसं उरकलं, चिमटा शोधला, जुन्या खराब कॅसेटमधलं फेल्ट काढलं... आता डिंक सुकला असावा. त्याने कॅसेट टू-इन-वनमध्ये, त्या जुन्या रेडिओ-टेपमध्ये, सरकवली, कंप्यूटरची वायर जोडली आणि हेडफोन लावला.

सुरुवातीला नुसती सळसळ. मग एकदम, अगदी कानाशी — "नमस्कार, मैं लतिका।"

त्याला दचकायला झालं. किती ओळखीचा आवाज! जरा जाडसर, गोड वगैरे मुळीच नाही, शब्दांच्या शेवटाला किंचित हसल्यासारखा. बाई खंडव्याच्या कुणाचं पत्र वाचत होती, त्यातल्या शुद्धलेखनाची चेष्टा करत होती, प्रेमाने. मग म्हणाली, सुनिए... आणि गाणं सुरू झालं. पहिली ओळ. आणि खट्.

पुन्हा लतिका.

त्याला वाटलं फीत तुटून जोडलेली असेल. पुढे ऐकलं. पत्र, गप्पा, गाण्याची एक ओळ, खट्, आणि पुन्हा लतिका. पुन्हा पत्र. पुन्हा खट्. त्याने कॅसेट थांबवली, मागे घेतली, तो सांधा परत ऐकला. स्वच्छ होता. ओळ संपते तिथे बरोबर कापलेला, आणि पुढचं निवेदन पहिल्या अक्षरापासून अख्खं. इतके सफाईदार सांधे त्याला स्वतःलाही दहा वर्षांत मोजके साधले होते. तिला बटन दाबता येत होतं... उत्तम येत होतं. म्हणजे माझ्या कॅसेटी माझ्यासारख्या भरून द्यायच्या, आणि मग दुसऱ्या दुपारी, आपल्यासाठी, आपल्या कॅसेटवर...

दारातून तिची पाठ दिसत होती. सकाळी अर्धवट राहिलेली मेथी निवडून झाली होती. आता ती वर्तमानपत्रावरच्या काड्या गोळा करत होती. कानात लतिका पुढचं पत्र उघडत होती, कागदाचा आवाजही येत होता.

"देवास से जयवंती जी ने लिखा है..."

त्याचा हात आपोआप हेडफोनकडे गेला, जणू हे कुणीतरी ऐकेल. 

"...जयवंती जी ने तो आज मुझे डाँट लगाई है। लिखती हैं, आप गाने से पहले इतना कम क्यों बोलती हैं? मेरे पति दूसरी पाली में जाते हैं, बेटा स्कूल में रहता है, दोपहर को घर में कोई बोलने वाला नहीं होता। गाने तो ये बाद में भी बजा लेते हैं। आप ज़रा बोला कीजिए।" लतिका थांबली, हसली असावी. "तो लीजिए जयवंती जी, आज गाना देर से। मैं रोज़ धार से बस में आती हूँ। आज सुबह मेरी बेटी ने मेरी चप्पल छुपा दी, कि मम्मी जाएगी ही नहीं। पूरा घर ढूँढ लिया। आख़िर में सास की पहनकर आई हूँ, दो नंबर बड़ी। बस स्टैंड से यहाँ तक फट-फट करती आई, सब मुड़-मुड़कर देख रहे थे। और मुझे ग़ुस्सा भी नहीं आ रहा उस पर। आप ही बताइए, क्या करूँ?"

गाणं सुरू झालं. खट्.

शरद हेडफोन तसाच लावून बसून राहिला. दोन वाजता डबा घेऊन, सायकल काढून तो निघायचा तेव्हा ती फाटकापर्यंत यायची — साडेतीनला विसरू नकोस, एवढंच तो रोज सांगायचा. रोज. घरात कोणी बोलणारं नसतं, हे तिने इंदूरच्या एका अनोळखी बाईला पोस्टकार्ड टाकून कळवलं होतं, आणि ते पोस्टकार्डही मीच तर पोस्टात टाकलं नसेल? देवासच्या त्या चार खोल्यांत मी घरी असलो तरी काय बोलत होतो? आवाज कमी कर. जरा थांब, गाणं आहे. शू... पण राग यायला हवा होता की वाईट वाटायला, ते त्याला कळेना. वाटत होतं ते निराळंच — त्या पोस्टकार्डातली बाई त्याला आवडली होती. फटकळ, सरळ. तिला भेटावंसं वाटत होतं.

पाच वाजायला दहा मिनिटं असतानाच फोन वाजला.

"काका? मिळालं काही? नसेल तर तसं सांगा, मला वाईट नाही वाटणार," कृतिका घाईघाईने म्हणाली.

"बेटा, थांब. नुसतं ऐक." त्याने फीत सुरुवातीला नेली, हेडफोनची पिन काढली, टू-इन-वनचा आवाज मोठा केला आणि रिसीव्हर स्पीकरपाशी धरला. 

नमस्कार, मैं लतिका. खंडव्याचं पत्र. मग देवासचं. खोली त्या आवाजाने भरून गेली. आत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. चपलेची गोष्ट संपली, गाण्याची ओळ आली, खट् झालं, आणि त्याने फीत थांबवून रिसीव्हर कानाला लावला.

"कृतिका?"

"हो, काका. मी आहे."

"सीडी करून देतो मी तुला. अशा अकरा कॅसेटी आहेत."

"काका, ती चप्पल... मी पाण्याच्या टाकीमागे लपवायचे. मला वाटायचं, हे मी मनानेच बनवलंय. पप्पांना माहीत नाही, आजीला आठवत नाही. मी कितनी बार पूछा. सगळे म्हणायचे, असं काही नव्हतं." ती रडत होती, आणि मधेच हसतही होती, आणि ते हसू शब्दाच्या शेवटाला येत होतं. "आई किती पटापट बोलायची ना?"

"हो," तो म्हणाला. "पटापट बोलायची." जणू त्याला हे नेहमीच ठाऊक होतं.

"काका, त्या जयवंती जी कोण? त्यांनी पत्र लिहिलं म्हणून आई हे बोलली ना? देवासच्याच आहेत. त्यांना शोधता येईल का?"

त्याने मान वळवली. जयवंती दारात उभी होती, हात पदराला पुसत, चेहरा असा की काही चोरीचं सापडलंय आणि तरी परत करायचं नाहीये. त्याने रिसीव्हर पुढे केला.

"तुझ्यासाठी आहे," तो म्हणाला. "लतिकाची मुलगी."

तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी घेतला. "बोल गं," म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. मग बोलू लागली. तिची आई पत्र उघडायच्या आधी घसा कसा साफ करायची ते. शनिवारी तिचा आवाज थकलेला यायचा ते. सहा-सात पत्रं तरी लिहिली असतील मी, त्यातली दोनच वाचली हो तिने, लबाड होती. आणि तुझ्या गोवरात आठवडाभर आली नव्हती तेव्हा दुसरीच कोणी बोलायची, मला करमायचं नाही. मराठीतून हिंदीत, हिंदीतून माळवीत, हात हलवत, खुर्चीत पाय वर घेऊन. मधेच ती मोठ्याने हसली, आणि शरदला ते हसू कुठे ऐकल्याचं आठवेना.

तो पलीकडच्या खुर्चीत बसून ऐकत होता. गोवर आला होता त्या मुलीला. हे आपल्या घरात माहीत होतं, इतकी वर्षं. आणखी काय काय माहीत असेल हिला? केव्हा ना केव्हा हा फोन संपेल, ती इकडे वळेल, भाजी टाकते म्हणेल कदाचित... आणि त्याआधी मी काहीतरी बोलायला हवं. माफी नको, माफी मागितली की ती 'असू द्या हो' म्हणून उठेल आणि सगळं मिटून जाईल. दुसरं काहीतरी. विचारायचं, त्या इतर पत्रांत काय लिहिलं होतंस? पण सांगेल का ती? का सांगावं तिने? त्याला आठवलं, लग्नाआधी अमळनेरला तिला बघायला गेला होता तेव्हा सगळ्यांनी दोघांना पाच मिनिटं माजघरात एकटं सोडलं होतं, आणि पाचही मिनिटं तो खिडकीबाहेरच्या निंबाकडे बघत घालवून परत आला होता. तीच धाकधूक आता वाटत होती, साठीला टेकल्यावर. लाजही होती तिच्यात, आणि तरी ती हवीशी वाटत होती. जयवंतीचं बोलणं चालूच होतं. त्याने मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं...