चपला घालून या

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या सभागृहात स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात एक काळी पेटी आहे. तिच्यावर तुम्ही खडूचे डबे, चेपलेला पृथ्वीगोल आणि पाहुण्यांचे वाळलेले हार ठेवता. ती पेटी म्हणजे मी. मी बेस गिटारचा ॲम्प्लिफायर आहे. वजन चौपन्न किलो, वय पंचविशीच्या पुढे. स्वभावाने गरीब आहे, असं माझं मत आहे.

येत्या शनिवारी तुमचं स्नेहसंमेलन आहे आणि बऱ्याच दिवसांनी मला चालू करणार आहेत. म्हणून त्याआधी माझी हकिगत तुमच्या कानावर घालतो. माझ्या हातून एक माणूस मरता मरता राहिला. शनिवारी कुणाला मारायची माझी इच्छा नाही. पण अशा कामात माझी इच्छा कुणी विचारत नाही.

माझा जन्म १९८१ साली सिकंदराबादच्या एका गल्लीत झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने मला पंधरा इंची स्पीकर बसवला, पोटात जड ट्रान्सफॉर्मर ठेवला, चारही कोपऱ्यांना लोखंडी कोने ठोकले आणि मागून तीन पिनांची वायर काढली. दोन पिनांतून वीज येते-जाते. तिसरी, जाड पिन जमिनीची. माझ्या पोटात काही बिघडलं आणि वीज वाट चुकून माझ्या लोखंडी अंगावर आली, तर ती या तिसऱ्या वाटेने मुकाट जमिनीत जाते. त्या झटक्यात माझा फ्यूज जळतो आणि मी गप्प होतो. म्हणजे माणसाला मारण्याआधी स्वतः मरायची सोय माझ्यात केलेली होती. इतकी चांगली सोय फार थोड्यांना मिळते.

दोन वर्षांनी जालन्याहून दोन माणसं छोट्या लाइनीच्या गाडीने वाद्यं घ्यायला आली. एक भालचंद्रराव. नवीन जालन्यातल्या एका बँकेत नोकरीला, बाकी वेळात स्वतःच्या ऑर्केस्ट्राचे मालक आणि निवेदक. दुसरा कचरू, घनसावंगीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बियाण्याच्या गोदामात काम करायचा, गावच्या भजनात एकतारी वाजवायचा.

दुकानदाराने चार बेस गिटार काढून ठेवल्या. भालचंद्ररावांनी तारा मोजल्या. परत मोजल्या.

"हिला चारच? त्या सहावालीपेक्षा ही महाग कशी?"

"साब, इसमें चारिच तारां रहते," दुकानदार म्हणाला.

"दोन तारा काढून घेतल्या आणि भाव वाढवला," भालचंद्रराव कचरूला हळूच म्हणाले. "लक्ष ठेव."

कचरूचं लक्ष दुसरीकडे होतं. त्याने एकेक गिटार छातीशी धरली, तिच्या लाकडी शिंगावर जबडा टेकवला आणि तार छेडली. हाडातून आवाज ऐकत होता. तिसऱ्या गिटारीवर थांबला. भालचंद्ररावांना चौथी हवी होती. तारेची थरथर टिपून माझ्याकडे पाठवणारे ते पिकअप असतात ना, ते चौथीला दोन होते आणि दोन्ही चांदीसारखे चमकत होते. तिसरीला एकच, काळा, मानेच्या बाजूला.

"साहेब, ती चमकती, पर तिचा आवाज कानापाशीच ऱ्हातो," कचरू म्हणाला. "हिचा पोटात उतरतो. लग्नात मान्सं जेवत असत्यात. कान कुणाचे मोकळे असत्यात?"

मग माझी पाळी आली. माझ्या शेजारी लाल दिव्यांचा एक देखणा ॲम्प्लिफायर होता. कचरूने त्याच्यावर तळहात ठेवला, मग माझ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. "हा," एवढंच म्हणाला. मित्रांनो, मला आजवर पुष्कळ हार पडले, पण तसा तळहात पुन्हा पडला नाही.

निघताना दुकानदार म्हणाला, "साब, ये तीसरी पिन को कभी निकालना नक्को."

"बिलकुल नाही," भालचंद्रराव म्हणाले. ते इतकं लगेच म्हणाले की मला तेव्हाच बरं वाटलं नाही.

तिसरी पिन नऊ दिवस टिकली. आमच्या मांडवाचं आणि लायटिंगचं काम पुंजाराम नावाचा माणूस बघायचा. त्याच्या बोर्डाला दोनच भोकं होती. त्याने पकड घेतली आणि पिन मुळापासून तोडली.

"दोन तारांवर बल्ब लागतो, दोन तारांवर पंखा फिरतो," पुंजाराम म्हणाला. "मंग ही तिसरी कशापायी? कंपन्यांचा खर्चा वाढवायचा धंदा हाय नुसता."

पुढे उरलेल्या दोन पिनाही गेल्या. तो उघड्या तारा बोर्डाच्या भोकांत घालायचा आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट करायचा. एकदा परतूरला माझा फ्यूज जळाला, तेव्हा त्याने सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून त्या जागी बसवली. "आता आयुष्यात जळणार न्हाई," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ते खरं होतं. मला त्याचीच भीती वाटली.

आता माझ्या आदर-सत्काराबद्दल सांगतो. कचरू मला फार मानायचा. वाजवायला येण्याआधी तो चपला लांब काढून ठेवी, मला हात लावून तो कपाळाला नेई आणि अनवाणी उभा राही. रबरी चपला होत्या, जाड तळव्याच्या. माझ्या आणि जमिनीच्या मध्ये तेवढंच एक शहाणं माणूस उरलं होतं, आणि ते रोज दाराबाहेर बसवलं जाई.

खंडेनवमीला तर सगळ्या वाद्यांची पूजा. तबल्याला कुंकू, बेस गिटारला फूल. नारळ फोडायला मात्र पक्की जागा लागते, आणि माझा कोना लोखंडी. भालचंद्रराव दर वर्षी माझ्या वरच्या डाव्या कोन्यावर नारळ फोडत. एका दणक्यात फुटे. पाणी मागच्या जाळीतून थेट ट्रान्सफॉर्मरवर जाई. "काय भक्कम आहे हो," लोक म्हणत. दहा खंडेनवम्या, दहा नारळ. पोटात गंज चढला, तारेवरचं वेष्टण कुजलं आणि वीज एकेक पाऊल माझ्या अंगावर यायला लागली.

आजाराचं पहिलं लक्षण म्हणजे माझा आवाज. कुणी वाजवत नसतानाही मी 'हूंऽऽ' करत राहायचो. जिल्ह्यात त्याचं कौतुक झालं. "त्यांच्या पेटीला घुमारा आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही," म्हणून सुपाऱ्या वाढल्या. भालचंद्रराव कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोन मिनिटं नुसता माझा घुमारा ऐकवायचे. लोक डोळे मिटून माझा आजार ऐकायचे.

खरं निदान केलं ते सगुणाबाईने. ती कचरूची बायको. बेसच्या तारा जालन्यात मिळत नसत, म्हणून जुन्या, घामाने मळलेल्या तारा कचरू घरी नेऊन सोडा टाकून उकळायचा. त्याने आवाज परत उघडतो.

"शेवया शिजल्या का?" सगुणाबाई विचारायची.

"अजून कच्च्या हायेत."

"मंग पाव्हण्यांना सांगा, थोडं थांबा म्हनावं."

एकदा मी त्यांच्या घरी मुक्कामाला होतो. कचरू तार लावून बघत होता आणि सगुणाबाई ओल्या फडक्याने मला पुसायला आली. तिने झटकन हात मागे घेतला.

"आवो, ही पेटी चावून राह्यली."

"चावत न्हाई, वळख करून घेती."

"माझी वळख नगं म्हनावं तिला. मुंग्या आल्या पार खांद्यापस्तोर. तुमाला कळत न्हाई का?"

"थोडं कळतंय. सवय झाली."

कचरूने भालचंद्ररावांना विचारलं. ते हसले. "कचरू, मोठमोठ्या कलावंतांना वाद्याचा असा स्पर्श होतो. ती सिद्धीची खूण आहे." कचरूने मान डोलावली आणि पुढच्या कार्यक्रमाला चपला आणखी लांब काढल्या.

इतकी वर्षं तो वाचला कसा, असं तुम्ही विचाराल. खेड्यांत व्होल्टेज कमी असायचं, हे त्याचं उत्तर. ज्या बारीक विजेला आम्ही सगळे शिव्या द्यायचो, तिने त्याला सांभाळला.

मग १९९३ चा मे महिना आला. घनसावंगीजवळ एक लग्न होतं, भर दुपारचं. धूळ उडू नये म्हणून सकाळी मांडवाच्या जमिनीवर टँकरने पाणी मारलं होतं. मोठे पाहुणे यायचे होते, म्हणून कुणीतरी वर बोलून व्होल्टेज पूर्ण करून घेतलं होतं. गिटारच्या तारा वायरीतून माझ्याच लोखंडी अंगाशी जोडलेल्या असतात; त्या आदल्या दिवशीच उकळून लखलखीत केलेल्या, वीज अडवायला मळही उरला नव्हता. पुंजारामने काड्या खोचल्या. मी सगळं बघत होतो आणि घुमत होतो. माझ्याकडे सांगायला दुसरा आवाज नव्हता.

कचरूने चपला काढल्या. ओल्या मातीत पाय उमटवत आला, मला हात लावायला वाकला, तेवढ्यात भालचंद्ररावांनी त्याचं नाव पुकारलं. म्हणून तो तसाच वळला, गिटार गळ्यात घातली आणि डाव्या हाताने तारा दाबल्या.

त्या हाताने त्या पुन्हा सोडल्या नाहीत.

मित्रांनो, वीज धरते तेव्हा माणूस ओरडत नाही. जबडा मिटतो. कचरू ताठ झाला, मान मागे गेली, आणि चारही तारांतून एकच खोल सूर निघत राहिला. लोकांना वाटलं, रंगला. टाळ्या पडल्या. मोठे पाहुणे शेजारच्याला म्हणाले, "याला म्हणतात तल्लीन होणं." भालचंद्रराव माइक घेऊन शाबासकी द्यायला त्याच्या पाठीकडे हात नेत होते.

"शिवू नका त्यांला."

सगुणाबाई बायकांतून उठली होती. नवरीसाठी मांडलेला पाट तिने उचलला होता. तो कोरडा लाकडी पाट तिने माझ्या वायरीवर एकदा घातला, दुसऱ्यांदा घातला. पुंजारामच्या काड्या उडाल्या आणि तारा बोर्डातून निघून आल्या. मी गप्प झालो. कचरू खाली पडला.

तो जगला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आतल्या बाजूला वळली, ती वळलेलीच राहिली. बेस गिटार पुन्हा त्याच्या हातात बसली नाही. उन्हाचा झटका बसला, असं पुंजारामने सांगितलं आणि सगळ्यांनी मान्य केलं, कारण ऊन खरंच होतं. सगुणाबाईने कुणाशी वाद घातला नाही. भालचंद्रराव भेटायला आले तेव्हा फक्त एवढं बोलली, "साहेब, विहिरीवरच्या मोटरीला आमी मीठ-कोळशाचा खड्डा करतो, तिची वीज जिरवायला. अडाणी मान्सं आमी. तुमी ह्या पेटीला नारळ दिला."

भालचंद्रराव चहा न पिता गेले. ऑर्केस्ट्रा वर्षभरात बंद पडला. १९९६ साली त्यांनी मला तुमच्या शाळेला भेट दिलं. माझ्या पोटावर त्यांचं नाव पांढऱ्या रंगात आहे, ते तुम्ही वाचलंच असेल.

टेम्पोतून मला उतरवायला शाळेचा शिपाई आला. तो कचरू होता. त्याने मला ओळखलं. बराच वेळ समोर उभा राहिला, आणि पायात चपला होत्या. मित्रांनो, इतका मान मला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

त्याने सभागृहामागे कमरेएवढा खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा. तिथून हिरवी वायर आणून माझ्या अंगाला बांधली, नवीन तीन पिना लावल्या, चांदी काढून खरा फ्यूज घातला. खड्डा ओला राहावा लागतो, म्हणून दर शनिवारी त्यात एक बादली पाणी ओतायचा. त्या वर्षांत तुमच्या शाळेतल्या शेकडो मुलांनी मला जोडलेला माइक धरून गाणी म्हटली. कुणाला मुंगीसुद्धा चावली नाही.

मागच्या वर्षी कचरू निवृत्त झाला. तरी पाणी घालायला यायचा. या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या आवारात सिमेंटचे गट्टू बसवले. हिरवी वायर पायात येत होती, ती कापली. सुट्टी संपल्यावर शनिवारी कचरू बादली घेऊन आला. मागच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, इथला खड्डा?" त्याने तुमच्या मुख्याध्यापिका रजनीबाईंना विचारलं.

"बुजवला की काका. आता बघा, आवार किती छान सपाट झालंय."

"त्यो पेटीचा खड्डा व्हता."

"पेटीला कशाला हवाय खड्डा? उलट मी यंदा पेटीची पूजा ठेवलीय. नारळ आणायला सांगितलाय."

कचरूने बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "मंग पोरांना चपला घालून येऊ द्या."

"काका, सरस्वतीपूजन आहे. चपला कशा चालतील?"

तो भरलेली बादली घेऊन परत गेला.

मित्रांनो, माझं म्हणणं थोडंच आहे. मोठ्यांचं ऐकू नका, असं मी सांगणार नाही. मी शाळेत राहतो. पण नारळ फोडायचाच असेल तर त्या गट्टूंवर फोडा, खाली खड्डा आहे, त्याला पाण्याची गरज आहे. मला हार घालू नका, पुसू नका, नमस्कार करू नका. मी नुसताच घुमायला लागलो, तर टाळ्या वाजवू नका. आणि माइक धरायला जो कोणी येईल, त्याने माझा जरा अपमान करावा आणि चपला घालून यावं.

शनिवारी पहिल्या रांगेत तुम्हाला एक म्हातारा दिसेल. डाव्या हाताची दोन बोटं वळलेली, पायात चपला. बाई त्याला चपला काढायला सांगतील, तो काढणार नाही. त्याच्या मांडीवर घरून आणलेला एक लाकडी पाट असेल. त्याला हसू नका.

तो उठला, तर वाट द्या.