पाठुंगळी

तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरायला उस्तादला लंबूची पाठ लागायची. दर शनिवारी सकाळी नऊला लंबू यायचा, पलंगापाशी उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "चला उस्ताद, गाडी लागली." मग बायको नवऱ्याचे हात लंबूच्या गळ्यात टाकायची आणि लंबू त्याला पाठुंगळी घेऊन उठायचा. चौपन्न पायऱ्या. खाली जिन्याखालच्या कोनाड्यात चाकाची खुर्ची कुलूप लावून ठेवलेली असे. तिथून पुढे इस्पितळ, तपासणी, व्यायाम, आणि दुपारी पुन्हा तेवढ्याच पायऱ्या वर.

इमारतीला लिफ्ट नव्हती. एकवीस वर्षं जगाच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घराला लिफ्ट नाही, हा विनोद शेजाऱ्यांनी आधी खूप केला होता. अपघातानंतर कोणी केला नाही.

अपघात झाला तेव्हा उस्ताद एका सातमजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता आणि लंबू, अकरा वर्षांपासूनचा त्याचा जोडीदार, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होता. टपावर चढलं की आधी तिथला लाल खटका दाबायचा, म्हणजे लिफ्ट जागची हलत नाही. ही त्या धंद्यातली पहिली शिकवण. वरून वीज चालू झाली, लिफ्ट झटक्यानं वर सरकली, आणि एक पाय टपावर, एक पाय भिंतीच्या लोखंडी पट्टीवर ठेवून उभा असलेला उस्ताद मागच्या फटीतून दोन मजले खाली खड्ड्यात पडला. चौकशीत लंबू म्हणाला, "मी विचारलं, चालू करू का? खालून 'कर' असा आवाज आला." इस्पितळात पडल्या पडल्या उस्ताद म्हणाला, "मी काहीच बोललो नव्हतो." जो पडला त्याचं खरं धरलं गेलं. लंबूचा परवाना गेला, नोकरी गेली. तो एका गोदामात पोती उचलायला लागला. आणि उस्ताद घरी आला त्या दिवशी तो इमारतीच्या दारात उभा होता. त्यानं पाठ पुढे केली.

बेंबीपाशी एक रेघ होती. रेघेच्या वर उस्ताद होता, खाली नुसतं ओझं. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. दर दोन तासांनी कूस बदलायची, ती रात्रीही, त्यामुळे बायकोचे डोळे कायम सुजलेले. ती एका धुलाई केंद्रात चादरींना इस्त्री करायची, दिवसभर उभ्यानं, आणि मधल्या सुटीत नळीसाठी घरी धावत यायची. रोज संध्याकाळी आरशात त्याची पाठीमागची कातडी तपासायची, कारण खाली निखारा ठेवला तरी त्याला कळणार नव्हतं. दिवसाआड सकाळी पोट साफ करायचं, तेही बायकोनंच. पहिल्यांदा ती हातमोजा घालून आली तेव्हा त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"अहो, बहिणीची दोन पोरं मी वाढवलीत. मला काही वाटत नाही."

"मी पोर नाही."

"मग पोरासारखे रुसू नका."

तो हसला होता त्या दिवशी. पुढे हसू आटलं. नळीचा कंटाळा म्हणून तो पाणी कमी प्यायला लागला, तर लघवीला संसर्ग होऊन थंडीताप भरला आणि आठ दिवस इस्पितळात काढावे लागले. कधी पाय आपोआप उडायचा. भेटायला आलेली माणसं खुलायची, "अरे वा, हलला की!" मग बायकोनं समजावायचं की हे हलणं ते नव्हे. पुढे पुढे माणसं येईनाशी झाली. लंबू मात्र यायचा. ऊन असो, ताप असो, शनिवारी नऊला लंबू दारात.

बायको त्याच्याशी कामापुरतं बोलायची. त्यानं पाणी मागितलं तर पेला त्याच्यासमोर आपटायची. लंबू पाणी प्यायचा, पेला धुऊन पालथा घालायचा. उस्ताद हे पलंगावरून बघायचा.

असं दीड वर्ष गेलं. एका गुरुवारी बायको कामावरून आली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "भावजींना दुसऱ्या गावी काम मिळत होतं म्हणे. कारखान्यात, मशीन जोडायचं. राहायला खोलीसुद्धा. नाही म्हणाले."

"का?"

"का म्हणजे? म्हणाले, उस्तादांना कोण उतरवणार." तिनं निवडलेली भाजी पातेल्यात टाकली. "मी त्या माणसाला इतकं वाईट वागवलं, पण हे मात्र खरं, खाल्ल्या मिठाला जागतोय."

उस्ताद छताकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी लंबू आला. बायकोनं हात त्याच्या गळ्यात टाकले, पिशवी उचलली आणि पुढे भराभर उतरून, पिशवी खालच्या खुर्चीला अडकवून कामाला निघून गेली. पिशवीत नळ्या होत्या, फोन होता, पाणी होतं. लंबू एक एक पायरी मोजत उतरत होता. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्यामध्ये जिना वळतो तिथं उस्ताद म्हणाला, "जरा टेकव मला."

लंबूनं त्याला कठड्याला पाठ लावून पायरीवर बसवलं आणि शेजारी बसून घाम पुसला.

"त्या कामाला नाही का म्हणालास?"

"वहिनींनी सांगितलं वाटतं. जाऊ द्या हो. मी पाडलंय, उचलणार पण मीच."

"तू नाही पाडलंस."

"उस्ताद, माझी समजूत नका घालू. दीड वर्ष मीच माझी घालतोय, पटत नाही."

"समजूत नाही घालत. तू विचारलंस, चालू करू का. मी 'कर' म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. तुला बरोबर ऐकू आलं होतं. आणि खटका मी दाबलाच नव्हता. घाईत होतो."

लंबूनं रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"चौकशीत मी गळा फाडून सांगत होतो."

"माहीत आहे."

"मग?"

"साहेब इस्पितळात आले होते. कोणीतरी आधीच कानात सांगितलं होतं, स्वतःची चूक कबूल केलीस तर कंपनी हात झटकेल. पाय गेलेत हे नुकतंच कळलं होतं. मी घाबरलो."

"घाबरलात एक दिवस. दोन दिवस. दीड वर्ष कोण घाबरतं?"

उस्तादला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "नंतर तू यायला लागलास."

लंबूला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा फार बदलला नाही. तो उठला, एक पायरी खाली गेला आणि पाठमोराच म्हणाला, "माझी आई गेली गेल्या वर्षी. जाताना तिला वाटत होतं, तिच्या पोरानं एका माणसाची माती केली. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मी तिला काही सांगू शकलो नाही."

मग तो उतरत गेला. खालचं लोखंडी फाटक वाजलं.

उस्तादला वाटलं, येईल. पायरी दगडी होती आणि आडवं होण्याइतकी रुंदही नव्हती, म्हणून तो कठडा धरून बसून राहिला. एवढंच त्याला जाणवत होतं, कठड्याचा गारवा. खुर्चीत बसताना फुगवलेली गादी असायची आणि खालची कातडी दबून राहू नये म्हणून दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं असायचं. इथे दोन्ही हात तोल सांभाळण्यात गुंतले होते. सामान पोचवणारा एक जण दोन दोन पायऱ्या चढत आला आणि थबकला. "काका, काही मदत?"

"नको. माणूस येतोय माझा."

आपण असं का म्हणालो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. साडेअकराच्या सुमाराला विजार ओली झाली. ते त्याला दिसलं तेव्हा कळलं. पाणी पायरीवरून खालच्या पायरीवर गेलं. त्यानंतर कोणी आलं तर काय बोलायचं याचाच विचार तो करत राहिला आणि कोणाला हाक मारली नाही. एक वाजता पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई कचरा टाकायला बाहेर पडल्या. त्यांनी ते पाणी पाहिलं, मग मान वर केली. त्या तशाच खाली उतरल्या. नाक्यावरच्या टायरच्या दुकानातली दोन माणसं घेऊन आल्या आणि त्यांनी त्याला उचलून घरी नेलं.

संध्याकाळी बायकोनं आरसा धरला. डाव्या बाजूला, बसायच्या हाडावर, तळहाताएवढा लाल डाग होता. मंगळवारी तो जांभळा झाला, शुक्रवारी काळा. डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं तेव्हा आत लिंबू मावेल एवढा खड्डा निघाला. "पालथं झोपायचं," डॉक्टर म्हणाले. "बसायचं नाव काढायचं नाही. चार महिने, पाच महिने, सांगता येत नाही."

बायको पट्टी करता करता लंबूला शिव्या देत होती. "अर्ध्या जिन्यात टाकून जातात? जनावरसुद्धा असं करत नाही. येऊ तर दे एकदा दारात."

उशीत तोंड असलेल्या उस्तादनं पट्टी सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. मग तिनं जखमेत कापसाची वात भरली, वर पट्टी चिकटवली, हात धुतले, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. पुढचे आठ दिवस ती "वळा", "हात काढा", "गिळा" एवढंच बोलली. कामं सगळी वेळच्या वेळी केली. त्याला वाटायचं, एखादी चुकवली असती तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी ती म्हणाली, "त्याच्यासमोर पेला आपटायचे मी. तुम्ही बघत होतात."

"हो."

"लिहून द्या. कंपनीला. काय झालं ते सगळं."

"मग कंपनी मला तक्रारींच्या फोनवर बसायचं काम देणार आहे, ते जाईल."

"जाऊ दे."

"तुला एकटीला..."

"मी एकटीच करतेय," ती म्हणाली.

पालथ्यानं लिहिताना हाताला रग लागायची, म्हणून दोन पानं लिहायला तीन दिवस लागले. एक प्रत कंपनीला गेली. दुसरी प्रत बायको स्वतः लंबूच्या घरी घेऊन गेली. परत आली तेव्हा तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"दारातच वाचलं त्यांनी. मग विचारलं, जखम झाली का? मी म्हटलं, झाली. म्हणाले, 'वहिनी, दगडावर बसवून गेलो तर काय होतं, मला माहीत होतं. दीड वर्ष इस्पितळात तेच ऐकत होतो. तासभर कोपऱ्यावर उभा राहिलो. परत फिरावंसं वाटत होतं, आणि नाही फिरलो.'"

"आणखी काय?"

"आणखी काही नाही. माझी माफी मागितली नाही. मीही नाही मागितली."

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. फोनवरच्या कामाचा प्रस्ताव मागे घेतला होता. लंबूचा परवाना परत मिळाला, असं जुन्या ओळखीतल्या एकाकडून कळलं. पण त्यानं लिफ्टचं काम पुन्हा धरलं नाही. कारखान्यातली ती जागा भरून गेली होती. तो दुसरीकडे कुठेतरी गेला. कुठे, ते कोणाला माहीत नव्हतं.

जखम भरायला साडेसहा महिने लागले. तोवर बायकोनं धुलाई केंद्राच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरची एक खोली बघितली होती. ओल होती, उजेड बेताचा. टायरच्या दुकानातल्या माणसांनी उस्तादला शेवटचं खाली उतरवलं. निवृत्त बाई गॅलरीतून हात करत होत्या.

नव्या खोलीत तो नळी स्वतः घालायला शिकला. आरसा धरायलाही शिकला. नवरा-बायको बोलायची, पण पूर्वीसारखं नाही. दोघांमध्ये कोणीतरी झोपलेलं असावं तसं जपून. एकदा जेवताना ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंच नसतं." बरं झालं सांगितलंत, की उगाच सांगितलंत, हे तिच्या आवाजावरून त्याला ओळखता आलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

दाराला चार बोटं उंच उंबरा होता. बायको कामावर गेली की तो खुर्ची मागे घ्यायचा, वेग धरायचा, आणि पुढची चाकं उंबऱ्यावर आपटून परत यायची. एका सकाळी चाकं पलीकडे गेली. तो गल्लीत आला. वीसेक हात पुढे गेला, तर वाटेत कोणीतरी मोटारसायकल आडवी लावून ठेवली होती. उजवीकडे गटार, डावीकडे भिंत. मालक येईपर्यंत थांबणं आलं. त्यानं खुर्चीच्या चाकांना खटके लावले, घड्याळात बघितलं, आणि पंधरा मिनिटं झाल्यावर दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलून धरलं.