प्रदूषणाचं तिसरं कारण

"मावशी, साबण कुठला वापरता?"

सरुबाईनं लॉजची पिळलेली चादर दगडावर ठेवली आणि वर पाहिलं. नासर्डी नदीच्या काठावर वह्या घेऊन चार कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. सगळ्यांत मागे तिचीच लेक, आशा. मान खाली घालून पाण्याकडे बघत होती.

२००५ साली बी.ए.च्या पोरांनाही पर्यावरणाचा विषय सक्तीचा होता. त्याचा प्रकल्प नदीवर करायचाय, हे सरुबाईनं घरात ऐकलं होतं. आई काय काम करते, हे आशानं मैत्रिणींना कधी सांगितलं नाही, तेही तिला ठाऊक होतं. तिनं लेकीला ओळख दिली नाही.

"साबण नाय, सोडा," ती म्हणाली. "पण पोरींनो, पुलापल्याड तो पाइप बघा. दुपारी कारखान्याचं पाणी सुटतं, लालकाळं. मासे पोट वर करून येतात. आमच्या हाताची सालं निघाली."

तिनं तळहात पुढे केले. आशानं वहीत काहीतरी लिहिलं. हात पाहिले नाहीत.

प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला. कॉलेजातल्या प्रदर्शनाला महापालिकेचे मोठे पाहुणे येऊन गेले. महिन्याभरात काठावर पाटी लागली, कपडे धुण्यास सक्त मनाई. सरुबाईसकट तिथं कपडे धुणाऱ्या सात बायकांचं काम गेलं. त्यांतली कुसाबाई तर बिऱ्हाड गुंडाळून गावी गेली. पाइप वाहतच होता.

"वहीत काय लिवलं व्हतं गं?" सरुबाईनं विचारलं.

आशानं वाचून दाखवलं. एक, निर्माल्य. दोन, जनावरं धुणं. तीन, कपडे धुणाऱ्या स्त्रिया.

"अन् पाइप?"

"लिहिला होता. सर म्हणाले, पुरावा नाही, पुस्तकातलीच कारणं घाला."

"मग तू खोडलास."

आशाला हुंदका आवरेना. सरुबाईनं ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "जेवून घे."

दुसऱ्या दिवशी ती धुण्याभांड्यांचं काम शोधायला कॉलनीत निघाली, तेव्हा आशानं कॉलेज बुडवलं आणि सोबत आली. पहिल्याच फाटकाशी वॉचमननं अडवलं.

"ही बाई कोण?"

"माझी आई आहे," आशा म्हणाली. "काम बघायला आलीय."

"इथं बाया हायेत. पुढं बघा."

सरुबाईनं पदर सारखा केला. ऊन चढलं होतं. दोघी पुढच्या बिल्डिंगकडे चालू लागल्या.