भात्यावरची काळी जागा

गोन्चिगच्या नातवाचे जावळ काढले त्या वर्षीची गोष्ट. पाहुण्यांच्या हातून कात्री फिरत होती आणि धाकटा भाऊ साम्दान वरच्या बाजूला टांगलेल्या बाणांच्या भात्याकडे बघत होता.

"दादा, यंदा नादमच्या उत्सवात आबांचा भाता माझ्या कमरेला पाहिजे."

"घे की. तुझ्यासाठीच मढवलाय."

गोन्चिगच्या डोळ्यांवर पडदा चढत चालला होता. सरत्या हिवाळ्यात बोटांनी चाचपत त्याने बापाच्या जुन्या भात्याला नवे कातडे चढवले, त्यावर शिंगांच्या आकाराची नक्षी ठोकली. आबांच्या तळहाताने घासून काळी पडलेली जागा मात्र तशीच उघडी ठेवली. पुन्हा सुई हाती धरणे होणार नव्हते. हा भाता एकदा मैदानात जावा, एवढीच इच्छा उरली होती.

"पण दिसणार कसा तुम्हाला?" बायको हंदजाव म्हणाली. "दारात बकरी आली तरी 'या भावजी' म्हणता."

"हात लावून बघीन."

उत्सवात तो लक्ष्यांपाशी उभा राहिला. कातड्याच्या पट्ट्यांची ती मुठीएवढी लक्ष्ये त्यानेच विणलेली. बाण लागला की तिथल्या माणसांनी हात वर करून आरोळी गायची, ही रीत. नेमबाजी सुरू होण्याआधी साम्दान भेटायला आला. गोन्चिगने त्याच्या कमरेला हात लावला. भाता गुळगुळीत होता, कारखान्यातला.

"आबांचा कुठाय?"

"घरी. कातडं ओलं होतं अजून. ताणलं असतं."

"हिवाळ्यात शिवलेलं कातडं आता ओलं? कुणाला सांगतोयस?"

साम्दानने नव्या भात्याचा पट्टा उगीच आवळला.

"शहरातला एक माणूस फार मागे लागला होता. विकला त्याला. म्हटलं, नाहीतरी तुला कुठं दिसणार आहे."

"आणि ती काळी जागा?"

"रंगवून घेईन म्हणाला."

गोन्चिगने वाऱ्याकडे तोंड वळवले. मग म्हणाला, "जा. वारा तुझ्या डाव्या हाताचा आहे."

साम्दानचा पहिलाच बाण लागला. लक्ष्य पडल्याचा आवाज गोन्चिगने ऐकला. सगळ्यांबरोबर त्याचेही हात वर गेले आणि तो आरोळी गायला, शेवटच्या सुरापर्यंत.

घरातली भात्याची वरची खुंटी त्याने कुणाला भरू दिली नाही. गोन्चिग त्याच वर्षी, पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात वारला.