सगळ्यांचाच डावा पाय आखूड

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कंबर दुखते म्हणून आलेली माणसं तासभर ताटकळत उभी होती आणि एकाचीही कुरकुर नव्हती. पुढे उंच टेबलावर एक पोस्टमन पालथा झोपला होता. मणक्यांचे डॉक्टर त्याचे दोन्ही बूट हातात धरून गरजले, “बघा! डावा पाय बोटभर आखूड!”

माना उंचावल्या. खरंच, डावी टाच मागे होती.

“पाठीचा कणा म्हणजे शरीराची मेन लाइन! एक मणका सरकला की मूत्रपिंड, डोळे, झोप, सगळ्यांची लाइट गेली!” असं म्हणत त्यांनी कमरेवर दाब दिला. ठक्‌! आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “बसला जागेवर!” दोन्ही टाचा बरोबरीत आल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या न वाजवणारी एकच बाई होती. ती शिवणकाम करायची. पंचवीस वर्षांत अर्ध्या शहराच्या पँटी तिच्या हातून गेल्या होत्या, त्या पोस्टमनच्यासुद्धा. आजवर त्याच्या पँटची एक बाजू बोटभर वर दुमडावी लागली नव्हती.

ती धाकट्या भावाबरोबर आली होती. तो सामान पोचवायची गाडी चालवायचा. महिन्यापूर्वी कंबर धरली आणि मित्रांनी त्याला इथे आणून टाकलं. पहिल्याच दिवशी त्याचाही डावा पाय आखूड निघाला.

“अरे, तुझी मापं मी घेते ना!” ती तेव्हा म्हणाली होती.

“ताई, तू कपडे मापतेस, ते हाडं मापतात.”

आज त्याची सहावी खेप. जिना चढताना उजवं पाऊल फरफटत होतं. नाव पुकारलं जायच्या आधी तो तिच्या कानाशी लागला, “ताई, सकाळपासून बसायची जागा बधिर झालीय. लघवीही नीट होत नाही. इथल्या सरांना फोन केला तर म्हणाले, विष बाहेर पडतंय.”

तिने त्याचा दंड धरला. “चल, आधी हॉस्पिटलला.”

“एवढा एक ठोका घेऊ दे. मग जाऊ.” आणि तो टेबलावर चढलासुद्धा.

डॉक्टरांनी बूट धरले. गेल्या पाचही वेळा ती डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत बसली होती; आज तिने त्यांच्या अंगठ्यांवर नजर ठेवली. डावा अंगठा डाव्या बुटाचा तळवा हळूच वर रेटत होता, उजवा हात उजव्या बुटाची टाच खाली ओढत होता.

“बघा! डावा पाय...”

“थांबा!” ती थेट टेबलाशी गेली. “हात लावू नका त्याला.”

“बाई, उपचार चालू आहेत!”

“मग मापून करा. पाठीवर वळ रे. बूट काढ.” तिने गळ्यातली टेप काढली. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत एक पाय मापला, मग दुसरा. “पोस्टमनकाका, वाचा मोठ्याने.”

काकांनी चष्मा सारखा केला. “अहो, दोन्ही सारखेच!”

“शास्त्र आहे ते, टेपला काय कळणार?” डॉक्टर ओरडले.

“टेपला कळत नाही, हाताला कळतं. माप देताना माणूस एका बाजूला रेलला की पँट एका बाजूने वर जाते. हे रोज बघते मी.” तिने काकांना खुर्चीवर बसवून पाय लांब करायला लावले, त्यांचे बूट धरले, एक रेटला, एक ओढला. डावा पाय आखूड झाला. पकड सैल केली. बरोबर झाला.

“मग तो आवाज?” कुणीतरी विचारलं.

भाऊ केव्हाच खाली उतरला होता. तिने रिकाम्या टेबलाच्या मधल्या फळीवर हात दाबला. फळी दोन बोटं खाली बसली. ठक्‌!

मग मागून कोणीतरी खदखदून हसलं. ती ते ऐकायला थांबली नाही. भावाला आधार देत जिना उतरली आणि रिक्षा थेट हॉस्पिटलकडे पिटाळली.

त्याच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नसांच्या जुडग्यावर दाब देत होती. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. “उद्या आणला असता तर माझ्याही हातात फार उरलं नसतं,” सर्जनबाई म्हणाल्या.

पाच महिन्यांनी तो पुन्हा चालायला लागला. पाऊल अजून किंचित ओढतं. पोस्टमनकाका भेटायला आले तेव्हा चाचरत म्हणाले, “पण माझी कंबर दुखायची खरंच थांबली रे तिथे.”

“थांबणारच होती, काका. सर्जनबाईंनी सांगितलं, बहुतेकांची कंबर चालतं-फिरतं राहिलं की काही आठवड्यांत आपोआप सुटते. चांगला फिजिओ व्यायाम शिकवतो, पाठ हाताळतोही, पण आधी नीट तपासतो. विष वगैरे सांगत नाही. कुणी काही दाखवलं की विचारायचं, हे कसं झालं? विचारल्याने खरा डॉक्टर रागावत नाही. आणि पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, तर कुणाच्याही टेबलावर चढायचं नाही. सरळ हॉस्पिटल गाठायचं. मी सकाळी जायला हवं होतं. दुपारपर्यंत टाळ्या ऐकत बसलो.”