जिभेला चिकटणारं हाड

असं समजा, की तुम्ही कासू गावातल्या देवळापुढच्या मांडवात उभे आहात. भाताची लावणी नुकती उरकली आहे, पायांना अजून चिखल आहे, आणि पुढं एवढी दाटी की लहानांना नुसत्या पाठी दिसतात. पाठींच्या पलीकडं पाटावर लाल कापड आणि कापडावर एक हाड. तुमच्या मांडीपेक्षा जाड, तांबूस, दगडासारखं जड. एक म्हातारी जीभ बाहेर काढून हाडाला लावते आणि जीभ तिथंच चिकटते.

"धरला," हाडामागं बसलेले दाजी महाराज म्हणतात. "हाडानं रोग धरला. आता खेच, माय. रोग इकडं, तू तिकडं."

तुम्ही काय म्हणाल तेव्हा? अकरा वर्षांच्या समीक्षानं मनात एवढंच म्हटलं, की हे खरं असू दे. तिचे बाबा, पुंडलिक, घरी तापानं फणफणले होते. डोळे लालभडक, आणि पोटऱ्या अशा ठणकत होत्या की गोधडीचा भारही सोसवत नव्हता. आदल्या दिवशी हाडानं त्यांचीही जीभ धरली होती.

दाजी महाराज रोज सांगत, की पूर्वी ताडाएवढी जनावरं पृथ्वीवर माजली होती. एका ऋषीनं शाप दिला आणि सूर्य मावळायच्या आत झाडून सगळी मेली. हे हाड त्यांतलंच. "एवढा शाप पचवलेलं हाड हे. तुमचा ताप म्हणजे त्याला चणे-फुटाणे."

नियम दोनच होते. हाड लावल्यावर औषध घ्यायचं नाही, नाहीतर हाड रुसतं. आणि धडधाकट माणसानं जीभ लावायची नाही, नाहीतर हाडात साठलेले सगळे रोग त्याच्या अंगात शिरतात.

शेजारच्या विठूला असाच ताप आला होता. हाडानं त्याचीही जीभ धरली, आणि तो मेला. दाजी महाराजांनी भर मांडवात त्याच्या बायकोला, मालूकाकीला, विचारलं, चोरून गोळी दिलीस ना? मालूकाकीनं तापाची एक गोळी दिली होती. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती.

बाबांचा ताप उतरेना, तेव्हा शाळा सुटल्यावर समीक्षा वृंदाबाईंना मांडवात घेऊन गेली. बाई रोह्याहून शिकवायला यायच्या. हाड खोटं आहे, एवढं त्यांनी म्हणावं, म्हणजे आई औषधाला हो म्हणेल, असं तिला वाटत होतं. बाईंनी वाकून हाड नीट पाहिलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "हाड खरं आहे. फार जुन्या हत्तीचं असावं. नदीकाठच्या गाळात सापडतात अशी."

"मग शाप पण खरा?"

"नाही गं." बाई देवळाच्या पायरीवर टेकल्या आणि वर्गात सांगत तशाच सावकाश सांगू लागल्या. हजारो वर्षांपूर्वी हिमयुग होतं. उत्तरेकडं पाणी गोठून बर्फाचे डोंगर झाले, आपल्याकडचा पाऊस आटला, गवत आणि डोह कमी झाले. त्यातच भाला घेतलेला माणूस पसरला. हत्तिणीच्या पोटात पिल्लू जवळजवळ दोन वर्षं वाढतं, आणि पुढचं व्हायला आणखी काही वर्षं जातात. मेलेल्यांची उणीव भरून निघेना. हवामानाचा वाटा किती आणि माणसाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण एका दिवसात सगळे मेले, असं काही झालं नाही. "प्रत्येक पिढीला वाटलं, हत्ती असेच थोडे असतात. कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि मग त्या जातीचा एकही उरला नाही."

मग बाईंनी विचारलं, "तुझ्या बाबांना ताप कधीपासून आहे?"

समीक्षानं सांगितलं. बाई तशाच उठून तिच्या घरी गेल्या. पुंडलिकचे डोळे पाहून त्यांनी समीक्षाच्या आईला, अपेक्षाला, सांगितलं, आत्ताच पेणला दवाखान्यात न्या.

"आणि हाड रुसला तर?" अपेक्षा म्हणाली. "विठूभावोजींचा काय झाला, बघितलात ना, बाई?"

"पण जीभ चिकटते कशी?" समीक्षानं विचारलं.

हाडातला मऊ भाग कुजून जातो, बाई म्हणाल्या. मागं बारीक बारीक छिद्रं उरतात. ती लाळ शोषून घेतात, म्हणून जीभ ओढली जाते.

समीक्षाला पेणच्या मामाचा गणपतीचा कारखाना आठवला. सुकलेल्या शाडूचा तुकडा ती लहानपणी तोंडात घालायची आणि जीभ अश्शी चिकटायची. मामानं दिलेला शाडूचा गोळा फळीवर होता. तो उचलून ती मांडवाकडं पळाली. तिच्यामागं आई, आईमागं बाई.

कुणी अडवायच्या आत तिनं हाडाला जीभ लावली.

चिकटली. जीभ सोडवून ती म्हणाली, "मला कसलाच रोग नाय. मग हाडानं काय धरलं?"

"उद्या कळेल," दाजी महाराज म्हणाले. "उद्या बघा हिचं काय होतं."

समीक्षाला भीती वाटली. तरी तिनं शाडूचा गोळा जिभेला लावून सोडला. तो लोंबत राहिला. तोंड मोकळं करून तिनं विचारलं, "ह्याला कुठल्या ऋषीनं शाप दिला?"

मागं कुणीतरी हसलं. अपेक्षानं पुढं येऊन लेकीच्या हातातून गोळा घेतला आणि स्वतःच्या जिभेला लावला. चिकटला. मग ती वळली. "गणेशला त्याचा टेम्पो काढाय सांगा."

पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, लेप्टोचा ताप आहे. उंदरांच्या मुतानं नासलेल्या शेतातल्या पाण्यातून, पायाच्या चिरांतून आत शिरतो. वेळेवर औषध मिळालं तर माणूस बहुधा वाचतो. पुंडलिक वाचला, पण मूत्रपिंडं दुखावली होती. दसऱ्याला घरी आला तेव्हा शर्टात नुसता सापळा होता.

मुलांनो, हाड खरं होतं आणि जीभही खरंच चिकटत होती. त्यानं रोग जातो, हे मात्र कुणी तपासलं नव्हतं. डोळ्यांना दिसतं ते जरूर माना. त्याला जोडून सांगितलेली गोष्ट आधी तपासा, आणि तपासणाऱ्याला भीती घालतात तिथं तर दोनदा तपासा.

त्या दिवशी टेम्पो हायवेकडं वळला तेव्हा त्यात समीक्षाला जागा नव्हती. ती विठूच्या घरी गेली. मालूकाकी उंबऱ्यात बसली होती. समीक्षानं आईकडून परत घेतलेला शाडूचा गोळा फोडला आणि अर्धा तिच्या हातात ठेवला.

"काकी, जीभ लाव ना. मग सांगते. तुझ्या गोळीनं काय नाय झाला."