थोडा झोल असू द्या

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे आणि मला तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाची किळस आली आहे. त्यात माझं चित्र असतं. दोन खांब, मध्ये मी आणि मला लटकवलेला दिवा. खाली छापलेलं असतं, 'रस्सी द्रव्यमानहीन है.' म्हणजे मला वजनच नाही! ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची ओझी पेलली त्याला बिनवजनाचा ठरवायचं, गणित सोडवायचं, आणि उत्तर जुळलं की पान उलटायचं.

माझा जन्म धार जिल्ह्यातल्या डहीचा. अंबाडी पाण्यात कुजवली, तिचा वाख काढला, उन्हात वाळवला आणि मला तीन पदरी वळलं. कुजत्या अंबाडीचा वास फार वाईट असतो, पण मला त्याची कधी घाण वाटली नाही. घाण वाटली ती पुढे, माणसांची.

बाजारातून मी देवासला मोरोपंतांच्या घरी आलो. आधी विहिरीवर होतो. नळ आल्यावर पाळण्याला लागलो. छताला कडी होती, तिच्यातून मी दोन्ही बाजूंनी खाली उतरायचो. मोरोपंतांच्या पत्नी, माई, बाळ ठेवण्याआधी रोज मला दोन्ही हातांनी ओढून बघत. त्यांचा दीपेश माझ्याच भरवशावर झोपला, उर्वशीही झोपली. येणारा-जाणारा म्हणायचा, दोर असावा तर असा. मुलं मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. कौतुक खालीच राहिलं.

दीपेश आता कोचिंगमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. तिरप्या रस्सीची गणितं तो झोपेतही सोडवील. यंदा उर्वशीला पहिलं बाळ झालं. बारसं हॉलमध्ये ठरलं आणि माईंच्या हट्टानं जुना पाळणा निघाला, त्याच्याबरोबर मीही. हॉलच्या गुळगुळीत छताला कडी नव्हती. म्हणून सजावटवाल्या चिंटूनं मला दोन पक्क्या खांबांमध्ये बांधलं आणि मधोमध तो वजनदार सागवानी पाळणा अडकवला. मी मध्ये हातभर खाली आलो. ठीक होतं, पेलत होतं.

दीपेशनं मोबाइलमधून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"चिंटू भिया, रस्सी में झोल आ रिया है. फोटू में भद्दा लगेगा. टाइट करो."

देवासकडे झोल म्हणजे ढिलेपणा, आणि लबाडीही. आमच्या दोरांच्या भाषेत झोल म्हणजे जीव. पण विचारतो कोण? चिंटूनं दांडकं घालून पिळायला सुरुवात केली. माझं पोट वर वर गेलं, जेमतेम चार बोटं उरलं.

मित्रांनो, नीट ऐका. मी उभा असतो तेव्हा माझं सगळं बळ ओझं पेलायला लागतं. मला आडवा ताणलात की ते बळ दोन खांबांना एकमेकांकडे ओढण्यात फुकट जातं, वर उचलायला चिमूटभर उरतं. त्या चिमटीत तोच पाळणा पेलायचा, तर मला दसपट ताण सोसावा लागतो. पाळणा तोच, दोर तोच. फक्त कोन बदलतो.

हे तिथं एकीलाच दिसलं. स्वानंदी, दीपेशच्या चुलतभावाची मुलगी. अकरावीला आहे, त्याच्याच वर्गात बसते.

"काका, कोन बघा ना. परवाच शिकवलंत, रस्सी जितकी आडवी तितका तनाव जास्त."

"अगं, ते पेपरसाठी. बारशात तनाव घेऊ नकोस."

सगळे हसले. मला शिसारी आली. फोटोवाला घाई करत होता, उर्वशी बाळाला घेऊन पाळण्याशी उभी राहिली होती.

स्वानंदीनं ओळखलं की इथं गणिताला कोणी विचारणार नाही. ती माईंकडे गेली.

"माई, वरवंटा राहिला ना?"

बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. घाईत तो विसरला होता. माईंनी हात वर केला. वरवंट्याशिवाय बाळ पाळण्यात जाणार नाही, म्हणाल्या, आणि फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. वरवंटा निजला. स्वानंदीनं झोका दिला, जरा जोरातच.

माझा एक पदर गेला. मग दुसरा. तिसऱ्यानं फार धीर धरला नाही. पाळणा धाडकन खाली आला आणि वरवंट्यानं फरशी फोडली. उर्वशीनं बाळाला छातीशी इतकं आवळलं की ते रडायला लागलं.

मग काय झालं? वरवंट्याला हळदकुंकू लागलं, त्यानं संकट घेतलं म्हणून. स्वानंदीला कुणीतरी काळजिभी म्हणालं, वाईट बोलली ते खरं झालं म्हणून. आणि दीपेश सर म्हणाले, दोरच सडका निघाला. थू! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा पीळ माझा नाही, शिकलेल्या माणसाचा आहे.

त्याच संध्याकाळी स्वानंदीनं माझे तुकडे दुहेरी केले आणि पाळणा उर्वशीच्या खोलीतल्या कडीला टांगला. मी पुन्हा उभा लटकतो आहे. उर्वशी बाळ ठेवण्याआधी मला ओढून बघते, माई बघायच्या तशी. मला एवढीच पूजा पुरते.

पण मित्रांनो, दीपेश सरांच्या कोचिंगच्या दारावर नवा लोखंडी बोर्ड लागलाय. टांगलाय नायलॉनच्या दोराला, दोन खांबांत ओढून बांधलेल्या, झोल नावाला नाही. तो दोर तरणा आहे, बोलत नाही, म्हणून मी बोलतो. खालून जाताना वर बघा. आणि वर्गात सर विचारतील, काही शंका? तेव्हा हात वर करून विचारा, "सर, बाहेरचा कोन किती?"